शनिवारवाड्यातलं भूत आणि लिंकनचे व्हॅम्पायर

दिवाळीच्या सुट्टीत भाची माझ्याकडे पुण्याला आली होती. पाचवीत आहे. शनिवारवाडा बघायचाच म्हणून हट्ट धरून बसली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. दिल्ली दरवाजातून आत शिरलो आणि चार पावलं जातो न जातो तोच तिनं माझा हात ओढला. "मावशी, भूत कुठल्या खोलीत येतं गं?"

आता वाड्यात खोल्या कुठून आणणार! १८२८ च्या आगीनंतर आत उरलंय काय, तर जोती, कारंज्यांचे हौद आणि हिरवळ. तिला वाडा कुणी बांधला हे माहीत नव्हतं, पेशवे म्हणजे कोण हेही नाही. माहीत होतं ते एवढंच, की पौर्णिमेच्या रात्री इथे 'काका मला वाचवा' असा आवाज येतो. शेजारीच एक मुलगा मोबाइल समोर धरून, घोगरा आवाज काढून, तेच सांगत रील करत होता. भोवती आठदहा माणसं ऐकत उभी.

तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

मला भुतांचं वावडं नाही, उलट मी त्यांच्यावरच वाढले. आमचं आजोळ कोकणातलं. रात्री वीज गेली की आजी ओटीवर बसून एकेक भूत सांगायची. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत गेला तो मुंजा, त्याचा मुक्काम पिंपळावर. बाळंतपणात गेली ती अळवंत. नुसतं नाव घेतलं तरी कळायचं, की हे माणूस कसं गेलं आणि त्याचं काय राहून गेलं. अळवंतीच्या गोष्टीनं मी पांघरुणात शिरायचे, पण त्याच गोष्टीतून मला पहिल्यांदा कळलं की बाळंतपणात बायका मरतात, आणि आमच्याच वाडीत मेल्यात. आजीनं हे मला कधी वेगळं समजावून सांगितलं नाही. अळवंतीनंच सांगितलं.

म्हणून जुन्या साहित्यात आणि इतिहासात राक्षस, भुतं, मुडदे घुसवायची लाट आली तेव्हा मी नाक मुरडलं नाही, उत्सुकतेनं वाचायला घेतलं. २००९ मध्ये अमेरिकेत सेथ ग्रॅहम-स्मिथ या लेखकानं जेन ऑस्टिनची १८१३ ची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' घेतली आणि तिच्यात झॉम्बी सोडले, म्हणजे चावून दुसऱ्यालाही आपल्यासारखं करणारे चालते मुडदे. पुस्तकावरचा हक्क केव्हाच संपलेला, त्यामुळे मूळ मजकुरातली पानंच्या पानं तशीच ठेवून मधेमधे मारामाऱ्या शिवल्या. बराचसा भाग मला कंटाळवाणा वाटला. कादंबरीतल्या बेनेट बहिणींच्या हातात तलवारी आल्या म्हणून त्यांच्यातली नायिका एलिझाबेथ जास्त धीट वाटत नाही. ती मुळात जिभेनंच पुरेशी धारदार आहे.

एक जागा मात्र मनात राहिली. एलिझाबेथची मैत्रीण शार्लट. वय २७, हुंडा नाही, रूप बेताचं. मूळ कादंबरीत ती त्या कंटाळवाण्या कॉलिन्सशी लग्न करते, कारण तिला फक्त एक बऱ्यापैकी घर हवंय. झॉम्बीवाल्या कादंबरीत तिला लग्नाआधीच चावा बसलेला असतो. लग्नानंतर ती हळूहळू मुडदा होत जाते, बोलणं अडखळतं, जेवणं किळसवाणं होतं, आणि शेजारी बसलेल्या नवऱ्याला काही म्हणजे काही कळत नाही. दिसतं ते फक्त मैत्रिणीला. हे वाचताना मला माझ्या नात्यातल्या दोघीतिघी आठवल्या. इथे झॉम्बी उपरा वाटत नाही, ऑस्टिननं दोन ओळींच्या मधे ठेवलेलं तो उघड्यावर आणतो. तरीही वाटतंच, की चावा न बसता, पुऱ्या शुद्धीत ते लग्न करणारी ऑस्टिनची शार्लट जास्त भीतिदायक आहे.

याच लेखकानं २०१० मध्ये अब्राहम लिंकनवर कादंबरी लिहिली, पुढे २०१२ मध्ये सिनेमाही आला. तिथे मात्र माझं बिनसलं, आणि अजून ते गेलेलं नाही.

कल्पना अशी, की लिंकनच्या आईला व्हॅम्पायरनं मारलं, म्हणून लिंकन कुऱ्हाड घेऊन आयुष्यभर व्हॅम्पायर मारत फिरला. आणि अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामगिरी एवढी घट्ट का बसली? तर व्हॅम्पायरांना रक्त लागतं आणि गुलाम हा त्यांचा आयता शिधा. मळेवाले आणि व्हॅम्पायर यांची हातमिळवणी.

आता खरं काय घडलं ते बघा. लिंकनची आई नॅन्सी ऑक्टोबर १८१८ मध्ये इंडियानातल्या रानात गेली, तेव्हा तो ९ वर्षांचा होता. रानात पांढऱ्या फुलांची एक विषारी वनस्पती उगवायची. गाई ती खायच्या आणि विष दुधात उतरायचं. दूध पिऊन माणसं थरथरत, ओकत, काही दिवसांत मरायची, आणि कशानं मेली ते तेव्हा कुणाला धड कळत नव्हतं. घरच्याच गाईचं दूध, आईनंच पेल्यात ओतलेलं! याहून भयंकर असं काय व्हॅम्पायर आणणार आहे?

पण आईचं एक वेळ सोडून देईन. गुलामगिरीचं नाही सोडवत. १८६० च्या जनगणनेत अमेरिकेत गुलाम माणसांची संख्या जवळपास ४० लाख होती. ती विकत घेणारे, चाबकानं मारणारे, आईच्या कडेवरून मूल काढून बाजारात उभं करणारे, सगळे माणूस होते. रविवारी चर्चला जात होते. जानेवारी १८६१ मध्ये मिसिसिपी राज्य अमेरिकेतून फुटून निघालं, तेव्हा त्यांनी आपली कारणं स्वतःच्या हातानं लिहून ठेवलीत. आमची भूमिका गुलामगिरीशी पूर्णपणे एकरूप आहे, जगाच्या व्यापाराला लागणारा माल तिच्यातूनच येतो, आणि उष्ण उन्हात काळ्या माणसाशिवाय कुणी टिकत नाही, असं त्यात सरळ म्हटलंय. त्यांना रक्ताची तहान नव्हती. त्यांना कापूस हवा होता आणि तो स्वस्तात हवा होता.

या माणसांच्या शेजारी तुम्ही सुळेवाला राक्षस उभा केलात की त्यांचा गुन्हा आपोआप हलका होतो. मळेवाला मग नुसता साथीदार उरतो, खरा दोषी भलताच कुणीतरी. आणि तो राक्षस कुऱ्हाडीनं मरतो, म्हणजे प्रश्नही मिटला. ज्यांच्या पणज्या त्या बाजारात विकल्या गेल्या, ती माणसं आज जिवंत आहेत. त्यांना हे पुस्तक कसं वाटत असेल, हा विचार मला झोपू देत नाही.

इतिहासात भूत आणूच नये, असं कुणी म्हणालं तर ते मात्र मला मान्य नाही. टोनी मॉरिसनची 'बिलव्हेड' आली १९८७ मध्ये. तिच्यामागे एक घडलेली गोष्ट आहे. जानेवारी १८५६ मध्ये मार्गारेट गार्नर नावाची गुलाम बाई पोरंबाळं घेऊन केंटकीतून पळाली, गोठलेली ओहायो नदी ओलांडून सिनसिनाटीला पोचली. पकडायला माणसं आली तेव्हा तिनं स्वतःच्या लहान मुलीचा गळा चिरला, पण तिला परत जाऊ दिलं नाही. कोर्टात झगडा चालला तो या बाईला मालकाला परत द्यायचं की नाही, याचा. आणि दिली परत. मॉरिसननं त्या मुलीचं भूत घरात आणलं. ते भूत कुणाचा गुन्हा आपल्या अंगावर घेत नाही. ते आईच्या दारात येऊन बसतं, आणि तिच्यावर ही वेळ कुणी आणली ते वाचणाऱ्याला विसरू देत नाही. ती कादंबरी वाचताना मला ओटीवरची आजी आठवली.

शनिवारवाड्यात त्या दिवशी मला हे सगळं एकदम जाणवलं. 'काका मला वाचवा' म्हणणारं नारायणराव पेशव्याचं भूत मुळात आजीच्या भुतांसारखंच असणार, अन्याय झालेल्याचं. पण रिळांमधून फिरून फिरून त्याचा नुसता आवाज उरलाय. कुणी मारलं, का मारलं, सगळं गळून गेलं. उरलंच तर 'ध चा मा', म्हणजे पक्का पुरावा नसलेली गोष्ट घेऊन सगळा दोष आनंदीबाईच्या माथी.

मग आम्ही दोघी एका जोत्यावर बसलो आणि मी तिला सांगायला लागले. ३० ऑगस्ट १७७३. गणपतीचे दिवस. गारद्यांचा पगार थकलेला. काका, म्हणजे रघुनाथराव, वाड्यातच नजरकैदेत, आणि त्यांना गादी हवी. सुमेरसिंग गारदी आपली माणसं घेऊन आत घुसला. नारायणराव पळत काकांकडे गेला आणि त्यांना मिठी मारून बसला.

"केवढा होता?"

"अठरा वर्षांचा."

"म्हणजे दादाएवढा?" तिचा भाऊ बारावीला आहे. ती गप्पच झाली. नंतर हळूच, "मग काकांना शिक्षा झाली?"

मी रामशास्त्र्यांचं सांगितलं. या पापाला देहान्त प्रायश्चित्त, असं काकांच्या तोंडावर सांगून शास्त्री पुणं सोडून गेले. काका पुढे इंग्रजांकडे गेले, १७७५ मध्ये सुरतेला तह केला, त्यातून इंग्रजांशी लढाई पेटली. हे तिला कितपत कळलं कोण जाणे. मग चापाजी टिळेकराचं सांगितलं. नारायणरावाचा नोकर. हातात शस्त्र नाही, काही नाही, धन्याला वाचवायला त्याच्या अंगावर आडवा पडला आणि त्याच्यासोबत मारला गेला.

तोवर ऊन कलायला लागलं होतं. रीलवाला मुलगा निघून गेला होता. पाणी पिऊन आम्ही दरवाजाकडे निघालो, आणि अर्ध्या वाटेत ती थांबली.

"मावशी, मग त्या चापाजींचं भूत का नाही गं?"