दोष प्रोसेसरचा नव्हता

लेखात म्हटलंय की जुन्या पीसीच्या प्रोसेसरमध्ये ताकदच नव्हती, म्हणून एक प्रोग्रॅम अडकला की अख्खं मशीन बंद पडायचं. हे मला पटत नाही. इंटेलच्या ८०२८६ या प्रोसेसरमध्ये १९८२ सालीच प्रोटेक्टेड मोड, म्हणजे एका प्रोग्रॅमला दुसऱ्याच्या मेमरीत शिरू न देण्याची सोय होती आणि १९८५ च्या ३८६ मध्ये पेजिंगही, म्हणजे मेमरीचे छोटे तुकडे पाडून ती वाटण्याची सोयही आली.

१९९४ साली मी नाशकात रविवार कारंजाजवळ एका डीटीपीच्या दुकानात कामाला होतो. ३८६ मशीन, ४ एमबी रॅम, विंडोज ३.१. ऐन लग्नसराईत पत्रिका लावताना दुसराच एखादा प्रोग्रॅम अडकायचा. पडद्यावर वाळूचं घड्याळ, माऊस फिरवला तर हलायचा, पण क्लिक लागायचं नाही. मुहूर्तापर्यंत टाइप केलेलं सगळं गेलं, पुन्हा श्री गणेशापासून सुरुवात! कारण विंडोज ३.१ मध्ये प्रत्येक प्रोग्रॅमने प्रोसेसरचा ताबा आपणहून सोडायचा अशी रचना होती. एकाने धरून ठेवला की बाकीचे ताटकळत. मेमरीही सामाईक, म्हणजे वाड्यात खोल्या आहेत पण दारंच नाहीत.

गंमत म्हणजे त्याच विंडोजमध्ये डॉस या जुन्या प्रणालीचे प्रोग्रॅम मात्र ३८६ च्या सोयीमुळे वेगवेगळ्या आभासी मशीनवर, म्हणजे जणू स्वतंत्र संगणकांवर चालायचे, त्यांना वेळही सक्तीने वाटून मिळायचा. म्हणजे चिप तयारच होती. १९९३ च्या विंडोज एनटीने खरं संरक्षण दिलं, पण त्याला किमान १२ एमबी रॅम लागायची. आमच्यासारख्या दुकानांना ती कुठून परवडणार?