बंदूक हात बदलते तेव्हा

शेजारच्या आजींचे यजमान जाऊन दोन महिने झाले होते. एका शनिवारी सकाळी त्यांनी मला घरी बोलावलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बुटांचा जुना खोका होता आणि आत पिवळ्या फडक्यात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर. फडक्याला तेलाचा वास येत होता. "हे मुलाला पिट्सबर्गला पाठवायचंय. तू पोस्टात जातेसच, तर एवढं पार्सल टाकशील का?"

मी इथे ओहायोत, कोलंबसला, सतरा वर्षं राहतेय. तरी मला त्यात काही वावगं वाटलं नाही. बापाची वस्तू मुलाकडे चाललीय, पत्ता लिहायचा आणि टाकायचं. नवऱ्यानं अडवलं म्हणून वाचलो. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरसारखी लपवता येणारी हत्यारं सामान्य माणसानं पोस्टानं पाठवायला 1927 च्या कायद्यानं बंदी घातली होती. आणि पोस्ट सोडा, गाडीनं तीन तासांवरच्या पिट्सबर्गला जाऊन आईनं मुलाच्या हातात दिलं असतं, तरी तो फेडरल गुन्हा ठरला असता. ओहायोचा रहिवासी पेनसिल्व्हेनियाच्या रहिवाशाला परस्पर बंदूक देऊ शकत नाही. विकत नाही, भेटही नाही. मधे परवानाधारक दुकानदार लागतोच.

आजींना घेऊन गावाबाहेरच्या एका दुकानात गेलो. दुकानदार साठीचा, शांत बोलणारा. त्यानं आधी सिलिंडर उघडून प्रत्येक घर रिकामं आहे ना हे पाहिलं, मग सिरियल नंबर दोनदा मोठ्यानं वाचला आणि रजिस्टरमध्ये लिहिला. आजींना विचारलं, "मृत्युपत्रात हे मुलाच्या नावावर आहे का?" नव्हतं. सगळं बायकोच्या नावावर होतं. मुलाच्या नावावर असतं तर गोष्ट वेगळी होती, कारण वारसाहक्कानं मिळालेली बंदूक दुसऱ्या राज्यातल्या वारसाला थेट घेता येते, कायद्यानं तेवढी सूट ठेवली आहे. पण आता मालक आजी होत्या आणि त्या मुलाला भेट देत होत्या. म्हणून हा दुकानदार पिट्सबर्गच्या दुकानदाराला पाठवणार, तिथे मुलगा ओळखपत्र दाखवून 4473 नंबरचा फॉर्म भरणार, त्याची पार्श्वभूमी तपासली जाणार, आणि मगच वडिलांचं रिव्हॉल्व्हर त्याला मिळणार.

आजी वैतागल्या. "माझा मुलगा काय चोर आहे?" त्यांचं दुःख मला समजत होतं. पण त्या काउंटरपाशी उभी असताना मला वाटलं, हे असंच असायला हवं.

हा नियम का आला ते मी नंतर वाचून काढलं. मार्च 1963 मध्ये ली हार्वे ऑस्वाल्डनं, म्हणजे राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या मारेकऱ्यानं, खोट्या नावानं शिकागोच्या एका दुकानाकडे कूपन पाठवलं. दुर्बिणीसकट रायफल 19 डॉलर 95 सेंट, वर दीड डॉलर टपालखर्च. ती डलासच्या पोस्ट ऑफिसमधल्या एका बॉक्सवर आली. रायफल लांब, म्हणून पोस्टाला चालायची. रिव्हॉल्व्हरला पोस्ट बंद, तर ते त्यानं लॉस एंजेलिसहून खासगी कुरियरनं मागवलं! ना कुणी तोंड पाहिलं, ना कुणी नाव विचारलं. त्याच वर्षी 22 नोव्हेंबरला त्या रायफलीनं केनेडी गेले. सिनेटर थॉमस डॉड टपालानं होणाऱ्या बंदूकविक्रीविरुद्ध आधीपासून झगडत होते. तरी कायदा व्हायला पाच वर्षं लागली, आणि मधे मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांचे जीव गेले. 22 ऑक्टोबर 1968 ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी गन कंट्रोल ॲक्टवर सही केली.

सायलेन्सर, मशीनगन, 16 इंचांपेक्षा आखूड नळीची रायफल यांचा कायदा तर 1934 पासूनचा आहे. 19 मे 1986 नंतर नोंदलेली मशीनगन सामान्य नागरिकाला घेताच येत नाही. दुसऱ्या राज्यातल्या गिऱ्हाइकाला यातलं काही विकायचं तर आधी मंजुरी घेऊन त्याच्या राज्यातल्या दुकानदाराकडे पाठवायचं, मग तिथून गिऱ्हाइकाकडे जायला पुन्हा मंजुरी, त्याचे ठसे, त्याचा फोटो. स्वतःची आखूड रायफल नुसती सोबत घेऊन राज्याची हद्द ओलांडायची असली, तरी आधी एटीएफची, म्हणजे बंदुकांवर देखरेख करणाऱ्या फेडरल खात्याची, परवानगी लागते. अशा मंजुरीसाठी लागणारा दोनशे डॉलरचा कर मशीनगन वगळता यातल्या बहुतेकांवरून 1 जानेवारी 2026 पासून गेला. अर्ज आणि ठसे राहिले, याचं मला बरं वाटतं.

मला सलतं ते वेगळंच. आजींचा मुलगा कोलंबसमध्येच राहत असता, तर यातलं काहीही लागलं नसतं. मुलगा सोडा, ओहायोतलाच कुणीही अनोळखी माणूस चालला असता. पार्किंगमध्ये भेटायचं, पैसे घ्यायचे, खोका द्यायचा. फॉर्म नाही, तपासणी नाही. समोरच्याला बंदूक बाळगायला बंदी आहे हे विकणाऱ्याला माहीत नसलं आणि तशी शंका घ्यायला कारण नसलं, म्हणजे झालं. सख्ख्या मुलाला तपासणी आणि परक्याला मोकळं रान, हे मला कुणी समजावून सांगा. काही राज्यांनी ही फट बुजवली आहे, ओहायोनं नाही.

माझे इथले काही मित्र बंदुका बाळगतात. ते म्हणतात, या नियमांत साधी माणसंच अडकतात. त्यात तथ्य आहे. 2013 मध्ये पेनसिल्व्हेनियाची एक आई, तिथला बंदुकीचा परवाना पर्समध्ये घेऊन, न्यू जर्सीत गाडी चालवत होती. पोलिसांनी थांबवलं तेव्हा तिनं आपणहून सांगितलं की जवळ पिस्तूल आहे. न्यू जर्सीत तो परवाना चालत नाही. तिच्यावर तीन वर्षांच्या सक्तीच्या तुरुंगवासाची टांगती तलवार होती, शेवटी 2015 मध्ये गव्हर्नरनी माफी दिली. अशा बाईला तुरुंग दाखवणं मला क्रूर वाटतं. प्रवासाचे नियम सौम्य करा, चूक झाली तर दंड घ्या, समज द्या. पण बंदूक एका हातातून दुसऱ्या हातात जाते, त्या क्षणी मात्र कुणीतरी परवानाधारक माणूस समोर उभा असलाच पाहिजे, मग दोघं एकाच राज्यातले का असेनात.

आपल्या लोकांसाठी एक गोष्ट, कळकळीनं सांगते. एच-वन या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असताना मी ऑफिसच्या ग्रुपबरोबर शूटिंग रेंजवर गेले होते. बंदूक हातात घेतली, गोळ्या झाडल्या, फोटो काढले. व्हिसाबद्दल कुणी विचारलं नाही. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसानं बंदूक किंवा नुसती काडतुसंसुद्धा बाळगणं फेडरल गुन्हा आहे, आणि रेंजवर घटकाभर हातात धरणंही बाळगण्यातच येतं. सूट मोजक्याच जणांना आहे, त्यातली आपल्या कामाची म्हणजे शिकारीचा वैध परवाना असलेल्यांना. शिक्षा पंधरा वर्षांपर्यंत, वर देशाबाहेर काढलं जाण्याची भीती. ग्रीन कार्ड झाल्यावर ही बंदी राहत नाही. नव्यानं आलेली मुलं असे फोटो हौसेनं टाकतात. तुमच्या ओळखीत कुणी असेल तर आजच फोन करा.

दहा-बारा दिवसांनी आजींच्या मुलाचा फोन आला, रिव्हॉल्व्हर मिळालं म्हणून. दुकानदारानं पिवळं फडकंही आठवणीनं पाठवलं होतं.