बुरशी मरते, विष मागे उरतं

‘बुरशी आलेला ब्रेड फेकू नका, अन्नाचा अपमान करू नका’ असा एक लांबलचक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. माझ्या धाकट्या बहिणीने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, “ताई, मग बाळाला हिरवा भाग कापून, कडक भाजून दिला तर चालेल ना?” नाही चालणार. आणि असा प्रश्न तिला पडावा, याचाच मला संताप आला.

मेसेजमधले दावे असे: हिरवा भाग कापला की उरलेलं स्वच्छ; उष्णतेने सगळं मरतं; बुरशी म्हणजे पेनिसिलिन, तिने उलट प्रतिकारशक्ती वाढते; धान्याला ऊन दाखवलं की विष निघून जातं; आणि एवढं करूनही मन धजत नसेल तर जनावरांना घाला.

यात सगळ्यात घातक आहे तो उष्णतेचा दावा. उष्णतेने बुरशी मरते, हे खरं. पण ओलसर, ऊबदार, पिष्टमय अन्न मिळालं की काही बुरश्या वाढता वाढता त्यात विष सोडतात. मक्यावर, तांदळावर वाढणारी ‘अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस’ अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. ते रसायन आहे, जिवंत नाही, मग ते मरणार कसं? त्याचा बी१ हा प्रकार शुद्ध रूपात विघटित व्हायला साधारण २६८ अंश सेल्सिअस लागतात. उकळतं पाणी १०० अंशांवर थांबतं, प्रेशर कुकर १२० च्या आसपास. ब्रेड भाजताना वरचा पापुद्रा काळा पडला तरी आतला मऊ भाग ओला असेपर्यंत शंभराच्या पुढे जात नाही. खूप भाजल्याने विषाचं प्रमाण काही अंशी घटतं, एवढं मान्य करते. पण किती उरलं हे घरी कळणार कसं? त्याला ना वास, ना चव.

ही भीती पुस्तकी नाही. १९७४ मध्ये गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा जिल्ह्यांतल्या गावांमध्ये काविळीची साथ आली. रोग्यांच्या पोटात पाणी होत होतं. लोक अवकाळी पावसात भिजलेला, नीट न वाळवता साठवलेला मका खात होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कृष्णमाचारी आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते सगळं नोंदवलं: ३९७ आजारी, शंभरावर मृत्यू. तो मका काही कच्चा खाल्लेला नव्हता. रोजच्या जेवणात शिजवून, भाजूनच पोटात गेला होता. शिजवल्याने विष जात असतं तर ही माणसं वाचली असती.

त्या गावांतल्या कुत्र्यांनाही तोच आजार झाला होता. म्हणून ‘जनावरांना घाला’ हे वाक्य वाचून मला राहवत नाही. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये लाखावर टर्की पक्षी मेले ते बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीमुळे; अफ्लाटॉक्सिनचा शोधच त्यातून लागला. शिवाय गाईच्या पोटात गेलेल्या अफ्लाटॉक्सिनचा काही भाग रूप बदलून दिवसभरात दुधात उतरतो. त्याला एम१ म्हणतात आणि दूध उकळूनही तो जात नाही. म्हणजे गाईला घातलेला सडका मका पुन्हा लहान मुलाच्याच पेल्यात येतो.

कापून टाकण्याचं म्हणाल तर, हिरवा ठिपका म्हणजे बीजाणू (बुरशीचं बी) तयार झालेला भाग, बुरशीचा दिसणारा तेवढाच तुकडा. ब्रेड मऊ आणि सच्छिद्र. रंग दिसायच्या आधीच बुरशीचे पांढरे, केसाहून बारीक तंतू आत पसरलेले असतात. कडक चीजची बुरशी भोवतालच्या जाड भागासकट कापून काढता येते, त्यावरूनच बहुधा हा समज पसरला असावा. ब्रेड आणि भात यांना ते लागू नाही. आणि वास घेऊन तपासायला जाऊ नका, बीजाणू थेट नाकात जातात.

पेनिसिलिनबद्दल थोडक्यात. १९२८ मध्ये शास्त्रज्ञ अलेक्झांडर फ्लेमिंगना बुरशीतच ते सापडलं, हे खरं. पण औषध शुद्ध करून, मोजून देतात. साठवणीतल्या धान्यावर येणारी ‘पेनिसिलियम व्हेरुकोसम’ ही त्याच कुळातली बुरशी ऑक्राटॉक्सिन नावाचं विष बनवते आणि ते मूत्रपिंडांना अपाय करतं.

सगळ्याच बुरश्या विषारी नसतात, हेही कबूल. ‘अ‍ॅस्परजिलस ओरायझी’ वापरून तांदूळ, सोयाबीन शतकानुशतकं आंबवले जातात. पण ती निवडून जोपासलेली बुरशी आहे. डब्यातल्या ब्रेडवर कोणती उगवली हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. चुकून एखादा घास गेला तर घाबरून जायचं कारण नाही. धोका थोडं थोडं रोज पोटात जाण्याचा आहे, कारण अफ्लाटॉक्सिनने यकृताचा कर्करोग होतो आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करणाऱ्या निश्चित कारणांत, टाकलंय.

उन्हाचं अर्धं खरं आहे. बुरशी येण्याआधी दाणे खडखडीत वाळवले, ओल १३ टक्क्यांच्या आसपास आणली, की बुरशी वाढतच नाही. विष बहुतेक वेळा मोजक्या दाण्यांत साठलेलं असतं, म्हणून काळवंडलेले, फुटके, किडके दाणे निवडून टाकल्यानेही बराच फरक पडतो. मात्र एकदा कुबट वास आणि गाठी धरलेल्या पिठात निवडायला काहीच उरत नाही. ते सगळं टाकायचं, डबा गरम पाण्याने धुऊन पूर्ण कोरडा करायचा, मगच नवीन पीठ भरायचं.