शनिवारवाड्याचं भूत आणि पंचांग

भाद्रपद जवळ आला की तो मेसेज हमखास फिरायला लागतो. शब्द बदलतात, गाभा तोच: 'अमावास्येच्या रात्री शनिवारवाड्यात कोवळ्या नारायणरावाचे तुकडे करून नदीत फेकले. आनंदीबाईने ध चा मा केला. तेव्हापासून दर अमावास्येला "काका, मला वाचवा" अशी किंकाळी ऐकू येते. म्हणूनच सरकारने सूर्यास्तानंतर वाड्यात जायला बंदी घातली आहे. १८२८ ची आगही त्या शापानेच लागली.' काही जण अमावास्येच्या जागी पौर्णिमा घालतात. खाली 'पुढे पाठवा' असतंच.

भूत मानायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण या मजकुरात तिथी आहे, माणसं आहेत, सरकारी नियम आहे. ते तपासता येतं.

आधी तिथी. पेशवे नारायणराव यांचा खून झाला ३० ऑगस्ट १७७३ ला. सोमवार, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, म्हणजे अनंत चतुर्दशीचा आदला दिवस. अमावास्या नव्हती, पौर्णिमाही दोन दिवसांवर होती. आणि रात्र तर नव्हतीच. नारायणराव सकाळी पर्वतीला जाऊन आले होते, परत येऊन जरा आडवे झाले होते. दुपारी एकच्या सुमाराला गारदी, म्हणजे पगारी शिपाई, वाड्यात घुसले. भूत वेळ पाळून येत असेल तर त्याने भर दुपारी यायला हवं. पुण्यात ही वेळ तशी गैरसोयीचीच.

'कोवळ्या' या विशेषणानेही बरंच काम केलंय. काही मेसेजमध्ये नारायणराव तेरा वर्षांचे होतात, काहींत त्याहून लहान. त्यांचा जन्म १० ऑगस्ट १७५५ चा, म्हणजे अठरा पूर्ण झाली होती. भाऊ थोरले माधवराव नोव्हेंबर १७७२ मध्ये थेऊरला वारल्यापासून पेशवाई त्यांच्याकडे होती. पत्नी गंगाबाई त्या वेळी गरोदर होत्या. तोच मुलगा पुढे एप्रिल १७७४ मध्ये पुरंदरावर जन्मला आणि सवाई माधवराव झाला. वय कमी केलं की गोष्ट करुण होते हे खरं, पण एक साधा प्रश्न हरवतो: काका त्या दुपारी वाड्यात काय करत होता? राघोबादादा तिथे पाहुणे नव्हते. पुतण्याने त्यांना त्याच वाड्यात कैदेत ठेवलं होतं. ज्या माणसाला आपणच कोंडलंय त्याच्याच खोलीकडे जीव वाचवायला धावावं लागलं, हा त्या दुपारचा खरा पेच आहे. मेसेजमधल्या आवाजात तो कुठेच ऐकू येत नाही.

तुकडे करून नदीत फेकल्याची गोष्टही खोटी. वार अनेक झाले, देहाची विटंबना झाली, हे खरं. पण त्याच रात्री मुठेच्या काठी दहन झालं.

आता ध चा मा. 'धरावे' चं 'मारावे' केलेला तो कागद आजवर कुणी पुढे आणलेला नाही. कागद नसताना अडीचशे वर्षं राघोबादादांच्या बायकोच्या, आनंदीबाईच्या, माथी शिक्का मात्र पक्का बसलाय. त्या काळात चौकशी झाली ती रामशास्त्री प्रभुणे यांनी केली, आणि त्यांनी दोषी धरलं ते राघोबादादांना. वार करणारेही अनामिक सावल्या नव्हत्या. सुमेरसिंग, खरकसिंग, महंमद युसूफ हे गारद्यांचे म्होरके, आणि तुळाजी पवार हा दादांचा माणूस. आपल्याकडे मारेकऱ्यांची नावं आहेत, न्यायाधीशाचं नाव आहे, मग बारभाईंनी, म्हणजे दरबारातल्या मुत्सद्द्यांच्या गटाने, दादांना पदावरून कसं हटवलं त्याचा इतिहास आहे. एवढं सगळं असताना लोकांना हवी असते ती किंकाळी.

आणि किंकाळी तरी एकट्या पेशव्याचीच का? धन्याच्या अंगावर आडवा पडून वार झेलणारा चाफाजी टिळेकर नावाचा सेवक तिथेच मारला गेला. इतरही माणसं मेली. यांच्यातल्या कुणाचं भूत झालेलं मी ऐकलेलं नाही. भुतांच्या गोष्टींतही मानपान पाहिलं जातं, दुसरं काय.

सूर्यास्तानंतरच्या बंदीचा मुद्दा सगळ्यांत जोरात मांडला जातो, आणि तोच सगळ्यांत पोकळ आहे. शनिवारवाडा भारतीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातलं संरक्षित स्मारक आहे. अशी स्मारकं वेगळी वेळ ठरवलेली नसेल तर सूर्योदय ते सूर्यास्त उघडी ठेवायची, असा देशभराचा नियम आहे. कार्ल्याची लेणीही संध्याकाळी बंद होतात, तिथे कुणी भूत शोधत नाही. राजस्थानात सरिस्काच्या जंगलाला लागून असलेल्या भानगडच्या किल्ल्याबाहेरची पाटीही अशीच 'सरकारने भूत मान्य केलं' म्हणून फिरते. पाटीवर भुताचा शब्द नाही, सूर्यास्ताचा आहे. आणि शनिवारवाड्याच्या बाबतीत गंमत अशी की इथे कित्येक वर्षं अंधार पडल्यावर ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम व्हायचा. लोक तिकीट काढून, पोराबाळांना घेऊन, नेमक्या त्या 'निषिद्ध' वेळी आत बसायचे. भिंतीबाहेर शिवाजी रस्त्याची रहदारी, पलीकडे कसबा आणि शनिवार पेठेतली घरं. दर महिन्याला किंकाळी येत असती तर तक्रार आधी पेठेतून गेली असती.

आगीबद्दल फार लिहायची गरज नाही. २७ फेब्रुवारी १८२८ ला आग लागली आणि आठवडाभर धुमसत राहिली, कारण आत सगळं सागवान होतं. बुधवार वाडाही १८७९ मध्ये जळाला; त्याला कुठला शाप? शिवाय हा शाप पंचावन्न वर्षं थांबला आणि लागला तेव्हा वाड्यात पेशवाच नव्हता. शेवटचा पेशवा दुसरा बाजीराव कधीच कानपूरजवळच्या बिठूरला जाऊन बसला होता, वाडा इंग्रजांकडे होता. मधल्या काळात याच वाड्यात सवाई माधवराव वाढले, हजारी कारंजं झालं, आणि १७९० मध्ये गणेश महालात इंग्रज वकील मॅलेटसाठी थाटाचा दरबार भरला. आगीनंतर उरले तट, दरवाजे आणि जोती. ज्या दालनात खून झाला ते आज नाहीच, त्यामुळे 'त्या खोलीतून आवाज येतो' म्हणणाऱ्याने खोली कुठली ते आधी दाखवावं.

एक गोष्ट मात्र भूतवाल्यांच्या बाजूने जाते आणि ती मेसेजमध्ये कधीच नसते. नारायणरावांचं भूत ही कल्पना व्हॉट्सअ‍ॅपची नाही. दुसऱ्या बाजीरावाला या भुताने पछाडलंय अशी समजूत होती, आणि त्याची शांती म्हणून त्याने ब्राह्मणभोजनं घातली, पुण्याभोवती आंब्याची हजारो झाडं लावली, असं इंग्रजांच्या काळच्या लिखाणात येतं. बाजीराव हा राघोबादादा आणि आनंदीबाईंचा मुलगा. खुनाच्या वेळी तो जन्मलाही नव्हता. बापाच्या नावावरचा आरोप मात्र वारशात आला. त्याला रात्री झोप लागत नसेल तर त्याला कारण होतं. मेसेज पाठवायचाच असेल तर हा पाठवा. यात भूत आहे, आंबे आहेत आणि तिथी चुकण्याची भीती नाही.