पाण्याजवळचं चित्र

परवाच्या रविवारी मी घरातून चित्रकार म्हणून निघालो आणि रात्री पाणीवाला म्हणून परत आलो. बायकोचं हसू अजून थांबलेलं नाही. पुरावा समोरच आहे, टीव्हीच्या शेजारी, लॅमिनेट केलेला, त्यामुळे रागाच्या भरात फाडताही येत नाही. दोनदा प्रयत्न केला, नख दुखावलं.

तर आमच्या सोलापुरातल्या एका कला परिषदेचा (नाव घेत नाही, पुढच्या वर्षी परत चित्र द्यायचंय) दोन दिवसांचा कार्यक्रम होता. व्हॉट्सअपवर पत्रक फिरत होतं. सकाळी रांगोळी आणि मुलांची चित्रकला स्पर्धा, मग मातीकाम, दुपारी बहुभाषिक कविसंमेलन, म्हणजे मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू, चारही भाषांतल्या कवींना सारखाच वेळ कमी पडतो, संध्याकाळी गाणं. आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात, 'हौशी चित्रकारांसाठी खुलं दालन, वयाची अट नाही, प्रवेश निःशुल्क, सहकार्य निधी 200 रुपये'. निःशुल्क आणि 200 रुपये एकाच ओळीत गुण्यागोविंदानं राहायलेत हे बघूनच मी सावध व्हायला पाहिजे होतं. नाही झालो. 'हौशी' शब्द वाचला की माझं असंच होतं.

चित्र होतं भुईकोट किल्ल्याचं. सिद्धेश्वर तलावाच्या बाजूनं, संध्याकाळचं ऊन बुरुजांवर आणि खाली पाण्यात त्यांची हलती सावली. ती सावली जमेपर्यंत चार कागद वाया गेले आणि बर्न्ट सिएनाची एक आख्खी ट्यूब संपली. जलरंगाचं असंच असतं, कागद ओला असताना मारलं तर रंग पसरतो आणि वाळल्यावर मारलं तर कडा दिसते, मधली ती दोन मिनिटं पकडायची, आणि सोलापूरच्या एप्रिलमध्ये ती दोन मिनिटं वीस सेकंदांची होतात. असो. हाफ इम्पीरियल कागद, माउंट, काच आणि फ्रेम मिळून साडेअकराशे गेले. फ्रेमवाल्याकडचा हार्डबोर्ड संपला होता म्हणून त्यानं मागं चादरीच्या खोक्याचा पुठ्ठा ठोकला. म्हणाला, मागून कोण बघतंय साहेब.

हे वाक्य लक्षात ठेवा.

नऊला हॉलवर पोचलो तर दालन वगैरे काही नव्हतं, व्हरांड्यात प्लायवूडच्या पार्टिशनांना सुतळीनं चित्रं टांगली होती. माझं दिसेना. शोधत शोधत शेवटाला गेलो तर बाथरूमकडं वळायच्या अलीकडं एका स्टुलावर पाण्याचा जार, त्याच्यावर साखळीनं बांधलेला स्टीलचा पेला, आणि त्याच्या बरोब्बर वर माझा भुईकोट. मी तिथल्या स्वयंसेवकाला, विशीतला पोरगा, गळ्यात ओळखपत्र, म्हटलं अरे हे इथं कसं काय? त्यानं यादी बघितली. "काका, जलरंगच ना? मग पाण्याजवळच आहे की." आणि निघून गेला. त्यानं विनोद केला की खरंच तसं लावलं हे मला अजून कळलेलं नाही. काका म्हणाला ते वेगळंच.

चित्र सोडून जाववेना म्हणून मी तिथंच उभा राहिलो. ही माझी चूक. जारशेजारी दिवसभर उभ्या राहणाऱ्या माणसाला लोक काय समजणार? पहिल्या तासातच, "ओ, गार नाही का?" मग, "ओ, पेला धुतलाय ना?" मग एक बाई तर लहान मुलाला घेऊन आल्या आणि "जरा धरा" म्हणून त्याची वॉटरबॅग माझ्या हातात दिली. धरली मी. भरूनही दिली. त्या मुलानं मात्र पाणी पिता पिता वर बघितलं आणि "किल्ला" म्हणाला. दिवसभरातलं पहिलं रसग्रहण.

साडेअकराच्या सुमाराला आजोबा आले. पंचाहत्तरच्या पुढचे, पांढरा लेंगा, शर्टाच्या खिशात तंबाखूची डबी. दोन पेले पाणी प्यायले, तिसऱ्यानं टोपीखाली डोक्यावर हात फिरवला आणि बोट वर करून मला विचारलं, "मालक, हे किती?"

माझं काळीज लक्कन हललं. चित्राची किंमत कुणी विचारणं म्हणजे काय असतं हे ज्यानं चित्र काढलंय त्यालाच कळतं. घसा साफ करून मी म्हटलं, "दीड हजार."

आजोबांनी पेला खाली ठेवला. "जार दीड हजारला?"

"नाही आजोबा, चित्र. जारचं मला माहीत नाही."

"मग उभारलाव कशाला इथं?"

"चित्र माझं आहे म्हणून."

आता त्यांनी पहिल्यांदा चित्राकडं बघितलं. मान वाकडी करून बघितलं, चष्मा वर करून बघितलं, मग काचेवरून आडवं बोट फिरवलं, जसं कापडावरून फिरवतात तसं. मला म्हणाले, तीस वर्षं लक्ष्मी-विष्णू गिरणीत होतो, मागावर, गिरणी बंद पडली तसा कुणी माल दाखवत नाही, आता इथं चहा आणि गाणी असतात म्हणून येतो. आणि मग म्हणाले, "मागून दाखवा की."

"मागून?"

"माल मागून बघितल्याशिवाय कळत नाही मालक. पुढून सगळंच चांगलं दिसतंय. मागं धागा सुटलेला असतोय, गाठी असतात, तिथं विणणारा कळतोय."

मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला की आजोबा हे चित्र आहे, कापड नाही, ह्याला मागची बाजू नसते. त्यांनी माझ्याकडं अशा काही दयेनं बघितलं की बस. "मागची बाजू नसलेली वस्तू अजून जन्माला यायचीय," असं म्हणून त्यांनी स्वतःच सुतळीवर चित्र उलटं फिरवलं.

मागं चादरीच्या खोक्याचा पुठ्ठा. त्यावर छापलेला मोर, हिरवा-निळा, पिसारा फुलवलेला, आणि खाली ठळक अक्षरात 'पक्का रंग'.

"आहाहा," आजोबा म्हणाले. आहाहा! भुईकोटाला नाही म्हणाले. "मोर झक्कास काढलाव."

"तो छापील आहे आजोबा."

"असू द्या की. पिसं बघा कशी मोकळी सोडलीत. आणि रंग पक्का?"

"तो चादरीचा. माझा कच्चा आहे. जलरंग आहे, पाणी लागलं तर जातो."

आजोबा गंभीर झाले. "मग खोटं कशाला लिहिलाव?"

मी लिहिलेलं नाही हे समजावण्यात पाच मिनिटं गेली. तेवढ्यात त्यांच्या ओळखीचे दोघं पाणी प्यायला आले, त्यांच्याशी आजोबा कानडीत बोलले, मला एक शब्द कळला नाही पण मोराकडं आणि माझ्याकडं बोटं होती, मग तेही पुठ्ठ्याकडं बघून मान डोलवायला लागले. एकानं मोबाईलवर फोटो काढला. मोराचा. मी त्यात आहे, कडेला, हातात त्या बाईंच्या पोराची वॉटरबॅग, बाई मातीकामाकडं जाऊन बसल्या होत्या.

मी चित्र सरळ करायचो, आजोबा परत फिरवायचे. तीनदा झालं. चौथ्यांदा मी सोडून दिलं. मोरासमोर मात्र माणसं थांबत होती, हे मान्य करायला पाहिजे.

दुपारी उद्घाटन. सकाळपासून कार्यक्रम चालू असताना उद्घाटन दुपारी का, असलं विचारायचं नसतं, पाहुणे मिळतात तेव्हा उद्घाटन. पाहुण्यांना सीलबंद बाटल्या होत्या, त्यामुळे ते जारकडं म्हणजे माझ्याकडं फिरकायचा प्रश्नच नव्हता. निवेदकानं नेहमीचं सुरू केलं, सिद्धरामेश्वरांची नगरी, अडुसष्ट लिंगांचं गाव, चार हुतात्म्यांचं शहर. इथवर मी पण हात जोडतो, 12 जानेवारी 1931 ला आमच्या चौघांना येरवड्यात फाशी दिलं, ते ऐकताना दर वेळी गप्पच व्हायला होतं. पण मग गाडी कलेवर येते. शाहीर राम जोशी आमचे. शाहीर अमर शेख आमच्या बार्शीचे. चित्रकार एम. एफ. हुसेन आमच्या पंढरपूरचे. टाळ्या. आता राम जोशींनी नाव काढलं पेशव्यांच्या पुण्यात, अमर शेख गाजले मुंबईत, आणि हुसेन पंढरपुरातून लहानपणीच इंदूरला गेले, पुढं मुंबईत सिनेमाची पोस्टरं रंगवली आणि 2011 मध्ये लंडनला वारले. म्हणजे आमचे सगळे थोर कलाकार आम्ही एसटी स्टँडवर सोडून आलेले आहोत. गेला की आमचा. इथं राहिला की त्याला 200 रुपयांची पावती आणि बाथरूमच्या वळणावरची जागा. हुसेन पंढरपुरातच राहिले असते ना, तर त्यांच्या घोड्यांखाली पण जार असता, आणि कुणीतरी विचारलं असतं, घोडा पाणी पितो का.

जाऊ द्या. बीपी वाढतं.

पाण्याचंही बोलून घेतो, कारण नंतर जे झालं ते त्याशिवाय कळणार नाही. उजनी धरणातून शंभराच्या वर किलोमीटर लांब पाइपलाइननं पाणी येतं, शिवाय भीमेवरची टाकळी योजना आहे, हिप्परगा तलाव आहे, आणि एवढं सगळं असून नळाला पाणी चार-चार दिवसांनी. आमच्याकडं लग्नं पाण्याचा दिवस बघून ठरत नाहीत एवढंच, पाहुणे मात्र तो बघूनच बोलावतात. अशा गावात भर एप्रिलमध्ये, उन्हाचा पारा बेचाळीसच्या पुढं असताना, जो माणूस सकाळपासून जारपाशी उभा आहे, जार संपला की ओरडून दुसरा मागवतो (मागवला मी, दोनदा, लोक माझ्याकडंच बघायला लागले, काय करणार), त्याच्याबद्दल लोकांना काय वाटत असेल?

संध्याकाळी यादी घेऊन एक मुलगी आली. "काका, तुम्ही इथं पाण्याजवळ होतात ना दिवसभर?" मी म्हटलं हो. खरंच होतो की. चित्र पाण्याजवळ होतं म्हणून मी पाण्याजवळ होतो. तिनं नाव लिहून घेतलं, आडनावात एक काना जास्त टाकून.

गाणं सुरू व्हायच्या आधी बक्षिसं. पहिलं बक्षीस गणपतीच्या चित्राला. त्याबद्दल तक्रार नाही, गणपतीला हरवणार कोण? दुसरं वारीला. मग निवेदक म्हणाला, "आणि आता, एवढ्या उन्हात, सकाळपासून एका जागी उभं राहून, आपल्या सर्वांची तहान भागवणारे..." आणि चुकीच्या कान्यासह माझं नाव.

मी उठलो नाही. मागून आजोबांनी ढकललं. "जावा की मालक, तुमचंच नाव घ्यायलेत."

स्टेजवर गेलो. टॉवेल, गुलाबाचं फूल, आणि ते लॅमिनेट केलेलं. 'विशेष सहकार्य : पाणी व्यवस्था'. मी निवेदकाच्या कानात म्हटलं, अहो मी चित्रकार आहे. तो माइक न झाकता म्हणाला, "वा! हे तर चित्रकारही आहेत!" आणि ज्या टाळ्या पडल्या त्या गणपतीला पडल्या नव्हत्या. दिवसभरातल्या सगळ्यात मोठ्या. खोटं कशाला सांगू, अर्धा सेकंद मी हात जोडून वाकलोही. त्याचाच फोटो ग्रुपवर आलाय.

चित्र घ्यायला गेलो तर अजून मोर पुढं. फ्रेमच्या खालच्या पट्टीवर पेल्याच्या ओल्या बुडाचे डाग, तीन, एकात एक अडकलेले. आजोबा जाता जाता शेवटचा पेला पीत होते. मला म्हणाले, "पुढच्या वेळी तसला अजून एक काढा. पण किनारीला लाल घ्या."

घरी आल्यावर बायकोनं आधी टॉवेल हातात घेऊन पोत बघितला, चांगला आहे म्हणाली, मग प्रमाणपत्र वाचलं. त्यानंतर ती जी बसली ती बसलीच.

आज सकाळी परिषदेच्या ग्रुपवर मेसेज, माझ्या नावापुढं ॲट लावून. 'नमस्कार. पुढच्या रविवारी सुलेखन कार्यशाळा आहे. चार जार लागतील. आपण बघता ना?' मी बसलो आणि टाइप केलं. सगळं टाइप केलं, 200 रुपये, सुतळी, बाथरूम, मोर, काना, मी कोण आहे आणि मी काय काढतो, चांगलं मोबाईलच्या दोन स्क्रीन भरून. मग बायको चहा घेऊन आली, तिनं खांद्यावरून वाचलं, आणि काही न बोलता खिडकीतून बाहेर बघितलं. दहा वाजायचे होते आणि समोरच्या पत्र्यावर नजर ठरत नव्हती.

सगळं खोडलं आणि लिहिलं, 'चार पुरणार नाहीत. सहा सांगा.'