आरसे हलतात, पण झिजत नाहीत

गणपती जवळ आले की मंडळांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो: 'डीएलपी प्रोजेक्टर घेऊ नका. आत लाखो आरसे मोटरवर हलतात, ते झिजतात. ढोल-ताशाच्या हादऱ्याने निसटतात. पांढरे ठिपके दिसले की धूळ गेली समजा, ब्लोअर मारा. एलसीडीत काही हलत नाही, तोच घ्या.' लॅमिंग्टन रोडला माझं दुरुस्तीचं टेबल आहे. या मेसेजपायी धडधाकट मशीन भंगारात गेलेली पाहिली आहेत.

आरशांना मोटर नसतेच. डीएलपी प्रोजेक्टरचं चित्र आतल्या एका चिपवरचे बारीक आरसे बनवतात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीच्या लॅरी हॉर्नबेक यांनी 1987 साली केलेल्या या चिपमध्ये प्रत्येक आरशाखाली मेमरीचा एक सेल असतो. तोच त्याचा स्विच. सेलमध्ये 1 आहे की 0, त्यावर खालच्या दोन इलेक्ट्रोडपैकी कोण ओढणार ते ठरतं, आणि आरसा त्या बाजूला 12 अंश कलतो: एका बाजूला कलला की पडद्यावर उजळ ठिपका, दुसऱ्या बाजूला कलला की काळा. आकडा बदलला म्हणून आरसा लगेच हलत नाही. सेल भरले की विजेचा एक झटका (पल्स) येतो, तेव्हा सगळे एकदम वळतात. 1024 बाय 768 च्या चिपवर असे 7,86,432 आरसे. काहींत एकेक 10.8 मायक्रॉनचा, केसाच्या जाडीत पाच-सहा बसतील एवढा.

तार वाकवत राहिली की तुटते, हे खरं, पण ते जाड धातूचं. आरशाची बिजागरी इतकी पातळ असते की तिच्यात तडा वाढत जायला जागाच नसते. चाचण्यांत ती 1 लाख कोटींहून जास्त वेळा वळली आहे. ढोलाचं म्हणाल तर त्याची थरथर सेकंदाला फार तर शेकड्यांत, आरशाची स्वतःची लाखाच्या घरात. दोघांची गाठच पडत नाही.

मग ठिपके कुठून येतात? उष्णतेतून. तापलेल्या चिपमध्ये आरसा फार वेळ एकाच बाजूला राहिला की बिजागरीला तोच कल लागतो आणि तो अडकतो. गेल्या वर्षी गिरगावातल्या एका मंडळाचं मशीन आलं होतं. फिल्टर उघडला तर गुलाल आणि अगरबत्तीची राख दाबून बसलेली, हवा जायला वाटच नाही. चिप मात्र काचेखाली सीलबंद, तिच्यात धूळ शिरत नाही. काचेवर बसलेली धूळ पडद्यावर धूसर डाग देते आणि फोकस फिरवला की तो डाग उलट स्पष्ट होतो. अडकलेला आरसा मेनूच्या अक्षरांइतकाच टोकदार दिसतो, त्यांच्याबरोबरच धूसर होतो.

मेसेजमधली मोटर आणि झीज खरी, पण ती आरशांची नाही: प्रकाशाला रंग देणारी चकती मोटरवर फिरते आणि तिची बेअरिंग झिजते. शिट्टीसारखा आवाज येतो तो तिचाच. एलसीडीतही पंखा फिरतोच, आणि उष्णतेने एलसीडीचे पोलरायझर, म्हणजे प्रकाश गाळणारे पातळ पडदे, पिवळे पडतात. तेव्हा ब्लोअर मारायचाच असेल तर दर महिन्याला फिल्टरवर मारा, मशीन बंद करून, प्लग काढून.