पीएसए वाढला म्हणजे कॅन्सरच, असं नाही

‘पीएसए ४च्या वर गेला की प्रोस्टेटचा कॅन्सर पक्का, पन्नाशी उलटलेल्यांनी शिबिरात तपासणीसाठी रक्त देऊन टाका,’ असा मेसेज लातूर-बीडकडच्या ग्रुपवर फिरतोय. हे खरं नाही. पीएसए म्हणजे प्रोस्टेटमध्ये (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीत) तयार होणारं प्रथिन; ते रक्तात मोजतात. वयामुळे ग्रंथी वाढली, लघवीत इन्फेक्शन झालं, तरी पीएसए वाढतो. पीएसए वाढलेल्या साधारण ४ पैकी ३ जणांना कॅन्सर निघत नाही. निघाला तरी कधी तो इतका हळू वाढतो की जन्मभर त्रास देत नाही. उपचारानं मात्र लघवीवरचा ताबा किंवा लैंगिक ताकद जाऊ शकते. हे सुई टोचण्याआधी सांगायला हवं. रांगेतल्या म्हाताऱ्याचा नुसता अंगठा घेणं म्हणजे संमती नव्हे! लघवीतून रक्त येत असेल, धार अडत असेल, तर शिबिराची वाट न बघता थेट डॉक्टरांकडे जा.